खार चाखायचा मान

माझी पाळी गेली तेव्हा मी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते. शाळेतल्या बायकांना म्हटलं, "सुटले एकदाची! आता पोटदुखी नाही, सणवार आला की बोटांवर दिवस मोजणं नाही." डोकं दुखायचं, तोंड तापायचं, सकाळी डोळे सुजलेले असायचे. या सगळ्याला माझ्याकडे एकच उत्तर तयार होतं: पाळी जाताना असं होतंच. हे उत्तर मी इतक्या बायकांना छातीठोकपणे दिलं आहे, की त्यांतली कुणी हे वाचत असेल तर तिनं आधी उठून प्रेशर तपासून यावं. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या बाजूला नदीकाठी राहते. माहेर पेडण्याचं. प्राथमिक शाळेत मराठी आणि परिसर अभ्यास शिकवते. दरवर्षी फळ्यावर वालाच्या दाण्यासारखी दोन मूत्रपिंडं काढते आणि मुलांना सांगते, "ही आपल्या शरीराची गाळणी." चित्र छान येतं माझं. स्वतःच्या गाळणीची मात्र मी कधी विचारपूससुद्धा केली नाही.

बरणी

आमच्या घरात चिनीमातीची एक मोठी बरणी आहे. आमच्याकडे तिला बुयांव म्हणतात. उन्हाळ्यात कोवळ्या कैऱ्या, म्हणजे आमची तोरां, खड्या मिठात दाबून तिच्यात भरायची, वर दगड ठेवायचा, आणि पावसाळाभर सकाळच्या पेजेबरोबर एकेक काढून खायची. या बरणीला पाळीतल्या बाईचा हात लागला तर आतला खार, म्हणजे मीठपाणी, नासतो, असा घरचा नियम. म्हणून बरणी नेहमी अशा बाईच्या ताब्यात, जिची पाळी कायमची गेली आहे. नियम खरा की खुळा, यावर मी नवी नवरी असताना सासूबाईंशी चांगलीच भांडले होते. नियम फिरून माझ्या बाजूनं आला, तेव्हा ते भांडण कुठे गेलं कोण जाणे.

सासूबाईंना सगळं घर आये म्हणायचं. माझं वर्षभर काही आलं नाही हे कळलं, तशी आयेनं बरणीला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि माझा उजवा हात धरून कोपरापर्यंत आत घातला. मग तळव्यावर खार ओतून म्हणाली, "चाख गो. आतां तुजी जीब म्हणजेच घरची तागडी."

मिठाचा जोर कमी झाला की तोरां मऊ पडतात. म्हणून बरणी उघडली की तळव्यावर खार घ्यायचा, चाखायचा, कमी वाटला तर मूठभर मीठ घालायचं. मी रोज उघडायची आणि रोज चाखायची. एकदा चाखून कळत नसे असं नव्हे. पण मान मिळाला की माणूस दोनदा चाखतं. पुढे शेजारणीही बोलवू लागल्या. "बाई, आमचोय खार मातसो पळयात मगो." म्हटलं की निघाली माझी जीभ घरोघर. इतकी वर्षं नोकरी करून मला मुख्याध्यापिका कुणी केलं नाही. बरणीनं अख्ख्या वाड्याची तज्ज्ञ केलं.

त्याच सुमाराला गुडघे धरले. डॉक्टरकडे जायला वेळ नाही, पण फार्मसी बसस्टँडच्या वाटेवर. तिथला माणूस मला बघूनच दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून ठेवायचा. कुठल्या गोळ्या, किती खायच्या, कधी थांबायचं, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. गुडघा थांबायचा. मी खूश.

पट्टा

त्या दिवशी शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होती. मुलं संपली तशी नर्स म्हणाली, "चला, आता बाईंची पाळी." आम्ही सगळ्या हसलो. मी तर सर्वांत मोठ्यानं. "माझी कधीच गेली," असा विनोदही मारला.

तिनं दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. दुसऱ्या दंडाला बांधून पाहिलं. मग तिचं हसू गेलं. "बाई, जिना चढून आलात का?"

"आपल्या शाळेला जिना कुठे आहे?"

"मग बसा जरा. बोलू नका."

मला वर्गात कुणी 'बोलू नका' म्हणायची सवय नाही. मी गप्प बसले, आणि गप्प बसल्यावर प्रथमच जाणवलं की माझ्या कानात काहीतरी ठोकतंय. आकडा सांगत नाही. आकडे ऐकून बायका आपले आकडे ताडून बघतात आणि "माझं तर त्याहून कमी आहे" म्हणून झोपतात. मीही तेच केलं असतं. नर्सनं मला घरी जाऊ दिलं नाही. यांना फोन केला.

माझे यजमान पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. आता घरचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आणि गावच्या भानगडी बघतात. ते आले, माझ्याकडे न बघता नर्सशी बोलले, आणि म्हणाले, "चल गो."

"घरी जाऊन साडी बदलते."

"आहे ती काय फाटली?"

हा माणूस माझ्याशी इतकं तुटक कधी बोलत नाही. तेव्हा मला भीती वाटली. आकड्यानं वाटली नव्हती.

आरोग्य केंद्रात रक्त-लघवी दिली. बाटली हातात घेऊन डॉक्टरांनी विचारलं, "लघवीला फेस येतो का?" मी म्हटलं, "येतो, पण तो फिनेलचा." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. परिसर अभ्यासाच्या बाई! कित्येक महिने रोज सकाळी माझी गाळणी मला फेस दाखवून सांगत होती, आणि मी फिनेलची कंपनी बदलत होते.

बांबोळी

रिपोर्ट बघून त्यांनी बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे मला दाखल करून घेतलं. किडनीच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. खाटेच्या कडेला बसून बोलल्या, एवढ्यावरच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. त्यांनी सांगितलेलं मला समजलं तसं सांगते: पाळी असते तोवर बाईच्या रक्तवाहिन्यांना शरीराचाच थोडा आधार असतो. ती गेली की तो आधार कमी होतो आणि प्रेशर चढायला लागतं, बहुतेकदा गुपचूप. चढलेलं प्रेशर किडनी झिजवतं आणि झिजलेली किडनी प्रेशर आणखी चढवते. त्यात मीठ आणि मनानं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या.

"किती झिजल्यात?" यांनी विचारलं.

"निम्म्याहून जास्त काम गेलंय. गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते टिकवायचं. नाही टिकलं, तर डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल."

हे खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, निम्म्याहून कमी मार्कांत आमच्याकडे पोरांना वर चढवतात." त्या हसल्या. हे हसले नाहीत.

वॉर्डातला दिवस पहाटे झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग पट्टा, मग गोळ्या, मग चहा-पाव, मग पुन्हा पट्टा. लघवी मोजून भांड्यात. आयुष्यभर मुलांना 'एकी' 'दुकी'ला सोडणाऱ्या मला आता किती झाली ते नर्सला सांगावं लागे. दुपारी हे प्रायव्हेट बसनं पणजी करून यायचे, डबा ठेवायचे आणि स्टुलावर बसून घोरायचे. मला ते घोरणं फार बरं वाटायचं.

शेजारच्या खाटेवर वास्कोची फिलोमेना होती. वयानं माझ्याएवढीच. ती मशीनवर होती. पाणी मोजून प्यायची आणि नवऱ्यावर मात्र न मोजता ओरडायची. पहिल्या दिवशी बिनमिठाची पेज आली, मी चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणीच आलं. पेज कसली, धुतलेल्या तांदळाचं पाणी! फिलोमेनानं आपल्या उशीखालून लिंबाची फोड काढली. उशीखाली लिंबू ठेवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

"पीळ," ती म्हणाली. "आतां पेजेक पेजेची रूच येवची ना. थोड्या दिसांनी येतली. जीब शिकता गो."

"आणि तुझी कधी शिकली?"

"म्हजी शिकली," ती म्हणाली, "पूण कळाव करून."

कळाव करून. उशिरा. पुढे काही बोलायचं नसलं की ती भिंतीकडे तोंड करायची, तशी तिनं केली.

एक दिवस डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला किडनीचा त्रास?"

"आमच्या घरात कुणाला नाही," मी पटकन म्हटलं. आमच्या घरात कुणाला काही नसतं, असं म्हणायची आमची पद्धत आहे. त्या गेल्या, आणि मला आयेचे पाय आठवले.

आयेचे पाय

शेवटच्या वर्षात आयेचे पाय सुजायचे. बोटानं दाबलं की खड्डा पडे आणि तसाच राही. मी रोज संध्याकाळी तेल लावून चोळायची. अंगाला खाज सुटे, जेवण जाईना, उठली की धाप लागे. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. रक्त तपासायला न्यायचं एकदा ठरलं होतं. तेव्हा घरात चवथीची, म्हणजे गणपतीची, गडबड होती. मग राहिलं ते राहिलंच.

काही खाईना तशी एक गोष्ट मात्र ती मागायची. "एक तोर दी गो. तोंडाक रूच ना." बरणीची मालकीण मी. मी मोठ्या प्रेमानं, निवडून, कडक बघून तोर काढायची, वर चमचाभर खारही घालायची, आणि ती दोन घास पेज जास्त खायची. मी सगळ्यांना सांगायची, "माझ्या हातचं तोर असलं की आये जेवते."

आये गेली, तेव्हा कुणी किडनीचं नाव काढलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. तिला काय झालं होतं हे आजही मी खात्रीनं सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, तपासल्याशिवाय कसं सांगणार? पण त्या वॉर्डात माझेच सुजलेले पाय समोर पसरून मी ते बोटानं दाबून पाहिले. तसाच खड्डा पडला. आयेचं आणि माझं रक्ताचं नातं नव्हतं. खाराचं होतं.

घरी

घरी आल्यावर यांनी जाहीर केलं, "आजपासून सगळ्यांचं जेवण बिनमिठाचं." मला भरून आलं. आठ दिवस गेले आणि यांना रोज दुपारी बाराच्या ठोक्याला शेजारी भावाकडे काम निघू लागलं. कामावरून आले की मिशीला गालम्याचा, म्हणजे सुक्या जवळ्याचा, वास. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉल करून बाबांना दटावायची, आणि बाबा कॅमेऱ्यासमोर कोरडा भात असा मिटक्या मारत खायचे की कुठल्याही नाटकमंडळीनं घेऊन जावं.

एकदा मात्र हे ताटावरून उठले. "किती दिवस चालायचं हे?" म्हणाले. मी म्हटलं, "मी असेपर्यंत." मग हे परसात गेले. थोड्या वेळानं परत येऊन बसले आणि तोच भात पुन्हा खाल्ला. त्या दिवसानंतर मी त्यांच्यासाठी मिठाची वाटी वेगळी ठेवते. सगळ्यांना एकदम शिक्षा करायची माझी शाळेतली खोड घरात चालवायची नाही, असं ठरवलंय.

माझी जीभ? फिलोमेना म्हणाली तशी शिकली. आता पेजेला तांदळाची चव लागते, नाचणीला नाचणीची. एवढी वर्षं मी मीठच खात होते आणि म्हणत होते पेज छान झालीय.

सुषमा

धाकटी जाऊ सुषमा शेजारच्या घरात राहते. माहेर दोडामार्गकडचं, बोलणं मालवणी, आवाज नदीपलीकडे जाणारा. नदीकाठी मिरच्या आणि अळसांदे, म्हणजे मोठी चवळी, लावते, डिचोलीच्या बाजारात विकते. यंदा उन्हाळ्यात ती नारळ आणि हळदकुंकू घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"वयनी, वर्ष झाला गो माका. आता बरणी माझ्याकडे येऊंदे."

लग्न झाल्यापासून तिला या बरणीला हात लावू दिला नव्हता. घरात धाकटी ती, प्रत्येक मानाला शेवटची ती. तिच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी ओळखला. तोच एकदा माझ्या तोंडावर होता. आणि तिचे डोळे. सकाळची वेळ, आणि डोळे खाली थोडे फुगलेले.

मी समजावून सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून एकदम शाळेतला आवाज निघाला, "बरणी मिळणार नाही. आधी प्रेशर तपासून ये."

"माका काय झालाहा? माका कधी ताप पण येणा नाय."

"माझंही असंच होतं."

"तुझा प्रेशर शाळेतल्या पोरांनी चढवल्यानी. माका पोरां शिकवूची नसतत." मग नारळ कमरेला धरून म्हणाली, "देवची नाय तर तसा सांग. स्वतः खाऊक मिळणा नाय, म्हणून दुसऱ्याक पण नको, असाच ना?"

ती निघून गेली. लागलं मला. जास्त लागलं, कारण तीळभर खरं होतं. बरणी अजून माझ्या स्वयंपाकघरात होती. चाखत नव्हते, पण रोज पुसत होते.

त्यानंतर ती माझ्याकडे येईना. यांचं दुपारचं 'काम'ही बंद पडलं, त्यामुळे घरात दोन दुःखी माणसं झाली. मी रोज कुंपणापलीकडे तिचे पाय बघायची. वाफ्यात उभी असायची, चिखल असायचा, काही दिसायचं नाही. मला भीती एकच होती: मी मानापानात बसेन, चवथ येईल, गडबड होईल, आणि तिची तपासणी राहील ती राहीलच.

शेवटी मी बरणी उचलली. एकटीला उचलत नाही; हे आले, दोघांनी धरून कुंपणाच्या फटीतून नेली आणि तिच्या पडवीत ठेवली. सुषमा मिरच्या निवडत होती.

"घे," मी म्हटलं. "तुझी. अटबिट काही नाही. पण आयेचे पाय तुला आठवतात ना?"

ती मिरच्या निवडायची थांबली. आयेला आंघोळ सुषमाच घालायची. मी पाय चोळायची, ती पाणी घालायची. मी माझे पाय पुढे केले, बोटानं दाबून दाखवलं. गोळ्यांनी सूज उतरली आहे, तरी संध्याकाळी थोडी असते. खड्डा पडला. तिनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचा परकर घोट्यावर उचलला आणि आपल्या नडगीवर बोट दाबलं.

"उद्या बाजार आसा," ती म्हणाली. "परवां जाऊया."

आरोग्य केंद्रात पट्टा बांधल्यावरही ती बोलतच होती. नर्स म्हणाली, "बोलू नका," तेव्हा माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. आकडा चढलेलाच निघाला. पण लघवी स्वच्छ, रक्त ठीक. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "रोजची गोळी, मीठ कमी, आणि दाखवत राहायचं. किडनीला अजून काही झालेलं नाही."

मला आनंद झाला. तो खरा होता. पण त्या आनंदाच्या आत बारीकसा हेवाही होता, तोही सांगते. वेळेवर आलात, हे वाक्य मला कुणी म्हटलं नाही. आयेलाही नाही. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. सुषमा शेजारी येऊन बसली आणि गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन विचारलं, "मग आता बरणी कोणाक?"

"तुलाच."

"माका घेऊन काय करू? चाखूक तर नको म्हणतत."

घरी येऊन आम्ही दोघींनी बरणी पालथी केली. मुठीमुठीनं घातलेलं सगळं मीठ, सगळा खार, परसात तिच्या आणि माझ्या घराच्या मधे, वळचणीखाली ओतला. तोरां फेकताना सुषमानं एक हातात घेऊन वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, मीही घेतला, आणि मग टाकलं. बरणी धुऊन तिच्या पडवीत ठेवली आहे. तिच्यात ती आता मिरच्यांचं बी ठेवते. हळदकुंकू मात्र तिनं लावलंच. मान तो मान, ती म्हणते.

यंदा पाऊस भरपूर झाला. सगळं परस हिरवंगार झालं. खार ओतला तेवढी जागा तशीच उघडी, पांढरट. सकाळी आम्ही दोघी आपापली गोळी घेऊन तिथेच उभ्या राहतो, एकमेकींना दाखवून गिळतो. नाहीतर दोघींचाही भरवसा नाही. सुषमा म्हणते, "येतला गो गवत. जाता खंय?"

कडेनं येतंय खरं, थोडं थोडं आत सरकतंय. मधल्या जागेत येईल असं मला वाटत नाही. पण मी रोज बघते.